शिट्टी का वाजली? बास्केटबॉलमधील फाऊल आणि त्यांची शिक्षा



पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे वारे वाहू लागतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलामुलींचे संघ जिल्ह्याला जातात, तिथून जिंकले तर नागपूर विभागाला आणि पुढे राज्याला. कबड्डी आणि खो-खो आपल्या घरचे खेळ. आजोबांपासून नातीपर्यंत साऱ्यांना ते समजतात. परंतु वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडे शिकायला गेलेली आपली मुले आता बास्केटबॉलही खेळतात, आणि तो पाहायला गेलेले आईबाप मात्र गोंधळून जातात. मुलगी चांगली धावत असते, शिट्टी वाजते, पंच मूठ वर करतात आणि चेंडू दुसऱ्या संघाला मिळतो. थोड्या वेळाने तिला खेळातूनच बाहेर बसवतात. प्रेक्षकांत कुजबुज सुरू होते, ‘पंच त्यांच्या बाजूचा दिसतो.’

बहुतेक वेळा पंच कोणाच्याच बाजूचा नसतो. आपल्याला नियम ठाऊक नसतो, इतकेच. म्हणून या लेखात बास्केटबॉलचे फाऊल म्हणजे काय, ते किती प्रकारचे आणि कोणत्या चुकीला कोणती शिक्षा, हे सोप्या शब्दांत पाहू. घरात खेळणारे मूल असेल तर हा लेख त्याला शेजारी बसवून वाचा.

खेळ जन्मला तोच धक्काबुक्की टाळण्यासाठी

हा खेळ १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जन्मला. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. लाकडी फरशीवर मुले एकमेकांना पाडू लागली तर हातपाय मोडणार, ही त्याची चिंता. त्याने विचार केला : खेळाडू खेळाडूला पाडतो का? तर तो चेंडू घेऊन पळतो म्हणून. मग चेंडू घेऊन पळायलाच बंदी केली तर पाडण्याचे कारणच उरणार नाही. आणि लक्ष्य जमिनीवर न ठेवता उंच टांगले, तर चेंडू जोराने न मारता अलगद, कमानीसारखा फेकावा लागेल. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि अठरा विद्यार्थ्यांचे दोन संघ करून खेळ सुरू केला.

त्या तेरा नियमांतच फाऊल होता. खांद्याने रेटणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे, मारणे याला मनाई होती. पहिल्या वेळी फाऊल मोजला जाई. दुसऱ्या वेळी पुढचा गोल होईपर्यंत खेळाडू बाहेर. आणि इजा करण्याचाच हेतू दिसला तर पूर्ण सामन्यातून बाहेर, बदली खेळाडूही मिळत नसे. एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले तर दुसऱ्या संघाला एक गोल बहाल होई. म्हणजे फाऊलचे नियम या खेळाला मागाहून चिकटवलेले नाहीत. ते त्याचे मूळच आहे.

पुढे हा खेळ १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात, चिखल झालेल्या मैदानावर झाला. चेंडूचा टप्पाच पडेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरवले. त्याच वर्षी त्याच बर्लिनमध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले भारतीय खेळ जगाला करून दाखविले, आणि त्याच वर्षी इकडे आपल्या जिल्ह्यात महात्माजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. भारतात बास्केटबॉलची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीला झाली होती, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला. अलीकडच्या काळात पुण्याची शिरीन लिमये भारतीय महिला संघाची कर्णधार झाली. तेव्हा हा खेळ परका म्हणून सोडून देण्यासारखा राहिलेला नाही.

चूक वेगळी आणि फाऊल वेगळा

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्या की प्रत्येक शिट्टी फाऊलची नसते. चेंडू हातात घेऊन टप्पा न मारता चालणे, टप्पा थांबवून पुन्हा सुरू करणे, रेषेबाहेर जाणे, बास्केटखालच्या रंगीत चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबून राहणे, चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू न फेकणे या खेळातल्या चुका झाल्या. त्यांची शिक्षा हलकी : चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. खेळाडूच्या नावावर काही मांडले जात नाही. अशा वेळी पंच उघडा पंजा वर करतात.

फाऊल म्हणजे माणसाशी झालेला गुन्हा. दुसऱ्याच्या अंगाशी नियमबाह्य संबंध आला किंवा गैरवर्तन झाले की फाऊल. तेव्हा पंच मूठ वळून हात वर करतात. फाऊल खेळाडूच्या नावावर कागदावर चढतो आणि सामना संपेपर्यंत पुसला जात नाही. उघडा पंजा आणि मिटलेली मूठ, एवढा फरक ओळखला तरी निम्मा खेळ समजला म्हणून समजा.

आपापला धुरा

कबड्डीत धरणे हाच डाव. इथे धरणे हाच दोष. कबड्डीवरून बास्केटबॉलकडे वळलेल्या मुलांचे फाऊल जास्त होतात, त्याचे कारण हेच.

मग अंगाला अंग लागले की फाऊल, असे आहे का? तसेही नाही. दहा जण एका मैदानात धावणार, तेव्हा थोडा स्पर्श होणारच. नियम असा आहे : प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य उभा पिंप आहे असे माना. पुढे हाताच्या तळव्यांपर्यंत, मागे पाठीपर्यंत, बाजूला हातपायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. तेवढी जागा त्याची, आणि तिच्यावरचे आभाळही त्याचे. तो आपल्या जागेत हात सरळ वर करून उभा राहिला किंवा सरळ वर उडी मारली आणि दुसरा येऊन आदळला, तर दोष आदळणाऱ्याचा. उलट त्याने हात तिरपा करून, कंबर वाकवून किंवा पाय पसरून दुसऱ्याच्या जागेत घुसवला तर दोष त्याचा.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्या वावरात कोणी काही पेरावे; पण शेजाऱ्याचा धुरा कोरला की भांडण. मैदानावरही पंच एकच गोष्ट पाहतात : धुरा कोणी ओलांडला?

उडी मारलेल्या खेळाडूचा एक खास हक्क आहे. ज्या जागेवरून तो उडाला तिथे, किंवा उडण्याच्या वेळी मोकळ्या असलेल्या दुसऱ्या जागी, त्याला खाली उतरता आले पाहिजे. तो हवेत असताना त्याच्या उतरण्याच्या जागी पाय सरकवणे हा फार वाईट फाऊल. घोटा मुरगळतो, गुडघ्याचा स्नायुबंध तुटतो. ज्या पोराला उद्या पाठीवर पंप घेऊन फवारणीला जायचे आहे किंवा ज्या पोरीला रोज सायकलने शाळा गाठायची आहे, त्यांच्यासाठी गुडघा ही खेळापुरती गोष्ट नाही.

वैयक्तिक फाऊल आणि त्याचे मोल

ढकलणे, धरणे, हाताने रोखणे, मनगटावर चापट मारणे, आडवा पाय घालणे, धडक देणे हे सारे वैयक्तिक फाऊल. शिक्षा मात्र प्रसंगानुसार बदलते :

• समोरचा खेळाडू चेंडू बास्केटकडे फेकत नसेल, तर त्याच्या संघाला जवळच्या रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला मिळतो.

• तो फेकण्याच्या कृतीत असेल आणि बास्केट झाले, तर ते गुण धरले जातात आणि वर एक फ्री थ्रो मिळतो.

• फेकताना फाऊल झाला आणि बास्केट चुकले, तर दोन फ्री थ्रो. तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकत असेल तर तीन.

• ज्या संघाकडे चेंडू आहे त्यानेच फाऊल केला, तर फ्री थ्रो नाही. चेंडू दुसऱ्या संघाला.

हा शेवटचा प्रकार पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त खटकतो. ‘आपली पोर चेंडू घेऊन सरळ निघाली होती, तिलाच शिक्षा कशी?’ कारण असे की समोरची मुलगी तिच्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आधीच वाटेत उभी होती, आणि आपली मुलगी तिच्या छातीवर जाऊन आदळली. वाट अडवून उभे राहायचा हक्क आहे. वाटेत उभ्या असलेल्यावर बंडी घालण्याचा नाही.

फ्री थ्रो म्हणजे बिनविरोध फेक. फळीपासून ४.६ मीटरवर, म्हणजे सुमारे पंधरा फुटांवर, आखलेल्या रेषेमागून पाच सेकंदांत चेंडू फेकायचा. मध्ये कोणी अडवत नाही. प्रत्येक यशस्वी फेकीला एक गुण.

दोन पाचांचा हिशेब

या खेळात दोन पाच सांभाळावे लागतात.

पहिला पाच खेळाडूचा. कोणत्याही प्रकारचे मिळून पाच फाऊल झाले की त्या खेळाडूने सामना सोडायचा. त्याच्या जागी दुसरा येतो, पण त्याला पुन्हा येता येत नाही. आपली मुलगी बाहेर बसलेली दिसली तर तिने काही काळे कृत्य केले असे समजू नका. सावध खेळाडूवरही अशी वेळ येते. पण पहिल्या दहा मिनिटांतच तीन फाऊल झाले असतील, तर शहाणा प्रशिक्षक तिला मुद्दाम बसवून ठेवतो. शेवटच्या निकराच्या वेळी ती हाताशी असावी म्हणून. बियाणे सगळे एकाच पावसावर उधळू नये, तसेच हे.

दूरदर्शनवर अमेरिकेतील व्यावसायिक सामने पाहणारी मुले ‘सहा फाऊल’ म्हणतील. त्यांचेही बरोबर आहे, तिथे सहा असतात. तिथला सामना ४८ मिनिटांचा. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दहा मिनिटांची चार सत्रे, म्हणजे ४० मिनिटे, आणि पाच फाऊल.

दुसरा पाच संघाचा. एका सत्रात संघातील सर्वांचे मिळून चार फाऊल झाले की पाचव्यापासून शिक्षा वाढते. आता समोरचा बास्केटकडे फेकत नसला तरी त्याला दोन फ्री थ्रो मिळतात. अपवाद एकच : फाऊल चेंडू असलेल्या संघाने केला तर नाही. नवे सत्र सुरू झाले की हा हिशेब पुन्हा शून्यावर येतो. जादा वेळ खेळावा लागला तर तो चौथ्या सत्रातच धरतात.

उदाहरण घेऊ. समजा आर्वीकडील मुलींचा एक संघ ४८–४७ असा एका गुणाने पुढे आहे. वीस सेकंद उरलेत. चेंडू हिंगणघाटकडील संघाच्या मुलीकडे आहे, पण ती अजून मध्यरेषेजवळच आहे. तिथून बास्केट होण्याची भीती नाही. तरी घाईघाईत आर्वीच्या मुलीने चेंडूवर हात टाकला, तो तिच्या मनगटावर बसला. त्या सत्रात आर्वीचे चार फाऊल आधीच झालेले होते. झाला पाचवा! हिंगणघाटला दोन फ्री थ्रो. दोन्ही पडले तर ४९–४८, जिंकत आलेला सामना हातचा गेला. हीच चापट सत्राच्या सुरुवातीला बसली असती, तर हिंगणघाटला फक्त रेषेबाहेरून चेंडू मिळाला असता. चापट तीच, भाव वेगळा. कापसाच्या भावाचे आपण जाणतोच. माल तोच, पण कधी विकला यावर सारे अवलंबून.

म्हणून मुलांना सांगा : सत्रात आपल्या संघाचे किती फाऊल झाले, याकडे गुणफलकाइतकेच लक्ष ठेवा.

जीभ आणि राग यांचे फाऊल

आतापर्यंतचे फाऊल खेळाच्या ओघातले होते. पुढचे तीन अधिक गंभीर.

तांत्रिक फाऊल : यात अंगाला अंग लागावेच लागते असे नाही. पंचांशी हुज्जत घालणे, शिवीगाळ करणे, मुद्दाम वेळ काढणे, धक्का लागल्याचे सोंग करून पडणे (याला आधी ताकीद मिळते) अशा वागणुकीला तो लागतो. प्रशिक्षक किंवा राखीव खेळाडू बाकावरून आरडाओरडा करतील तर त्यांनाही लागतो. शिक्षा, समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. नंतर खेळ जिथे थांबला होता तिथून पुढे. उचलली जीभ लावली टाळ्याला, की एक गुण गेला.

अखिलाडू फाऊल : चेंडू मिळविण्याचा प्रामाणिक प्रयत्नच नाही, केवळ माणसाला अडवायचे, किंवा चेंडूवर प्रयत्न असला तरी धक्का फार जबर, किंवा समोरचा मोकळा बास्केटकडे निघालेला असताना त्याला मागून वा बाजूने ओढणे. शिक्षा, दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्याच संघाला. म्हणजे एका चुकीत दोनदा मार.

शेवटच्या मिनिटांत मागे पडलेला संघ घड्याळ थांबविण्यासाठी मुद्दाम फाऊल करतो, हे तुम्ही पाहाल. चेंडूवर खरा प्रयत्न करताना झाला तर तो साधा फाऊल. पण नुसती कंबर धरून ठेवली तर पंच त्याला अखिलाडू ठरवू शकतात, आणि मग बुडत्याचा पाय खोलात.

अपात्रतेचा फाऊल : मारणे, लाथ घालणे, भयंकर वर्तन. दोन फ्री थ्रो, चेंडू समोरच्या संघाला, आणि खेळाडूने बाकावरही बसायचे नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा क्रीडांगणाबाहेर जायचे. एकाच सामन्यात दोन तांत्रिक, किंवा दोन अखिलाडू, किंवा दोहोंपैकी एकेक फाऊल झाला, तरीही खेळाडूला असेच बाहेर काढतात.

पंचांच्या खुणा आणि कागदावरची अक्षरे

मूठ वर म्हणजे फाऊल, हे सांगितले. पुढे पंच गुणलेखकांच्या टेबलाकडे जाऊन बोटांनी खेळाडूचा क्रमांक दाखवतात, मग फाऊलचा प्रकार, मग शिक्षा. दोन्ही हातांनी इंग्रजी ‘टी’ अक्षर केले तर तांत्रिक. डोक्यावर एका हाताने दुसऱ्या हाताचे मनगट धरले तर अखिलाडू. दोन्ही मुठी वर म्हणजे अपात्र. गुणपत्रिकेवर साध्या फाऊलसाठी ‘पी’, तांत्रिकला ‘टी’, अखिलाडूला ‘यू’ आणि अपात्रतेला ‘डी’ लिहितात, आणि शेजारी फ्री थ्रोचा आकडा. टेबलावरून आकड्याची पाटी वर होते, ती त्या खेळाडूचा कितवा फाऊल हे सांगते. तिच्यावर लाल पाच दिसला की समजा, त्याचा त्या दिवसाचा खेळ संपला.

घरच्यांनी काय करावे?

पहिले, काठावरून पंचांवर ओरडू नये. शंका असेल तर घड्याळ थांबलेले असताना संघनायकाने नम्रपणे खुलासा विचारायचा असतो. आपण ओरडलो की मूलही ओरडायला शिकते, आणि तिथे तांत्रिक फाऊल वाट पाहत असतो.

दुसरे, मुलाला विचारताना ‘किती गुण केलेस?’ एवढेच विचारू नका. ‘किती फाऊल झाले, आणि कशाने?’ हेही विचारा. बहुतेक फाऊल आळशी पायांमुळे होतात. पाय मागे राहतात, मग हात पुढे जातो. गुडघे वाकवून, हात वर ठेवून बाजूला सरकत धावण्याचा सराव घराच्या अंगणातही होतो. त्याला ना चेंडू लागतो, ना पैसा.

तिसरे, फ्री थ्रोचा सराव. गावच्या लोहाराकडून आतला व्यास ४५ सेंटिमीटर येईल अशी कडी करून घ्यावी. फळीला पक्की ठोकून भिंतीवर किंवा निंबाच्या मजबूत बुंध्यावर ३.०५ मीटर, म्हणजे दहा फुटांवर, बसवावी. फळीच्या दर्शनी बाजूपासून ४.६ मीटरवर चुन्याची रेघ ओढा. रोज संध्याकाळी वीस फेका मारून किती पडल्या ते वहीत मांडा. चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर. कडी त्याच्या दुपटीला थोडीच कमी. तेव्हा धीर ठेवला तर चेंडू पडतोच.

चौथे, मार लागला तर ‘दोन दिवसांत बसेल’ म्हणून अंगावर काढू नका. गुडघा सुजला, पाय टेकवेना किंवा चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटला, तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचे विनोबा भावे रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहे. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील तोवर खेळ बंद ठेवा.

आणि पाचवे, मुलींना केवळ ‘धक्काबुक्की होते’ म्हणून या खेळापासून तोडू नका. ज्या खेळात धक्क्याला इतकी बारीक शिक्षा ठरलेली आहे, तो धोका ओळखून बांधलेला खेळ आहे. पंच आणि क्रीडाशिक्षक जागरूक असतील तर मुली तिथे निर्धास्त खेळतील. महाराष्ट्रात गुणवंत खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षणही आहे. त्याच्या अटी कडक आहेत आणि ते सर्वांच्या वाट्याला येत नाही, म्हणून त्या आशेवर अभ्यास सोडू नये. अटी काय आहेत ते वर्ध्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

खेळात जिंकणे-हरणे असतेच. पण राग आला तरी हात आवरणे, शिक्षा झाली तर हात वर करून ती मान्य करणे आणि लगेच पुन्हा खेळात लक्ष घालणे, ही सवय चाळीस मिनिटांच्या मैदानावर लागली तर ती धुऱ्यावरच्या आणि बाजारातल्या व्यवहारातही उपयोगी पडते. तेव्हा पुढच्या वेळी शिट्टी वाजली की आधी पंचांच्या हाताकडे पाहा : पंजा आहे की मूठ? मग शेजारी बसलेल्याला सांगा, शिट्टी का वाजली ते.